एअर शोला जाताय? मग सुखोई-५७ च्या नादात सूर्यकिरण हुकवू नका

उडता_पाचोळा

एरो इंडिया २०२५ झाल्यापासून जिकडे बघावं तिकडे सुखोई-५७ आणि एफ-३५ यांचेच व्हिडिओ फिरतायत. ते साहजिकच आहे म्हणा, रशिया आणि अमेरिका दोघांची पाचव्या पिढीची फायटर्स येलहंकाच्या एकाच तळावर, बंगळुरूजवळ, हे आपल्याकडे आधी कधी घडलं नव्हतं. पण आमच्या ग्रुपवर पुढच्या शोचे प्लॅन सुरू झालेत आणि प्रत्येकाची यादी बघितली तर सगळी नावं "नवीन काय येणार" याचीच. सूर्यकिरण (आपल्या हवाई दलाची नऊ जेट विमानांची कसरत टीम) म्हणजे काय, ते तर दरवेळी असतंच, तेवढ्यात जेवून घेऊ, असं एकाने चक्क लिहिलं. म्हणून हा धागा काढतोय, कारण माझ्या मते सगळ्या शोमध्ये बघायची गोष्ट तीच आहे आणि ती कशी बघायची हे कुणी सांगत नाही.

थोडी पार्श्वभूमी. टीम १९९६ साली बीदरला उभी राहिली, तेव्हा विमानं एचएएलची किरण मार्क-२. त्याआधी १९८२ पासून काही वर्षं हंटर विमानांवर थंडरबोल्ट्स नावाची टीम होती. २०११ च्या एरो इंडियानंतर सूर्यकिरण थांबवली, कारण नवीन पायलटांच्या ट्रेनिंगला विमानं कमी पडत होती आणि किरण विमानं तिकडे हवी होती. मग २०१५ ला हॉक मार्क-१३२ वर टीम परत आली, सुरुवातीला थोडीच विमानं आणि वाढत वाढत पुन्हा नऊ. ब्रीदवाक्य 'सदैव सर्वोत्तम'.

आता बघायचं काय. नऊ विमानं डायमंडमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकारात, येतात तेव्हा दोन विमानांच्या पंखांच्या टोकांमध्ये पाच मीटरहून कमी अंतर असतं. आपल्याला खालून वाटतं की सगळे समोर बघून उडवतायत. तसं नाहीये. समोर, जमिनीकडे, उंचीकडे बघतो तो फक्त लीडर. बाकीचे आठ जण शेजारच्या विमानाकडे बघत असतात, त्याच्या पंखावरचा एक ठरलेला बिंदू आणि बॉडीवरचा दुसरा बिंदू एका रेषेत ठेवायचे, रेषा हलली की स्टिक आणि थ्रॉटल किंचित सरकवायचे, आणि हे अख्खा लूप (हवेतला उभा गोल) होईपर्यंत एक सेकंद नजर न हलवता. म्हणजे उलटं असतानासुद्धा त्यांना आकाश कुठे नि जमीन कुठे हे बघायचं नसतं, लीडर बघतोय एवढ्या भरवशावर ते डोक्यावर उलटे लटकलेले असतात. लीडरचं काम त्याहून अवघड, कारण त्याने जरा झटका दिला की मागच्या सगळ्यांना तो वाढत वाढत पोचतो. म्हणून तो कधीच पूर्ण पॉवर वापरत नाही, बाहेरच्या बाजूचे वळणात मागे पडू नयेत म्हणून त्यांच्यासाठी थोडी राखून ठेवतो, आणि प्रत्येक वळणाआधी रेडिओवर एका ठरलेल्या लयीत आवाज देतो, त्या लयीवर नऊ जणांचे हात एकदम हलतात.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा पूर्ण डायमंडकडे न बघता एकच विमान पकडा, सगळ्यात मागच्या टोकाचं. तो सतत बारीक बारीक हलत असतो, वर-खाली, जरा पुढे जरा मागे, पुढच्यांच्या जेटची ढवळलेली हवा चुकवत. हे एकदा दिसलं ना की मग सगळा शो वेगळाच दिसायला लागतो.

पिंपळपान

पाचोळा, लेख आवडला पण थोडा असहमत. मी २०२५ ला पब्लिक डेला होतो. सुखोई-५७ ने जे केलं ते नुसतं "नवीन" म्हणून भारी नव्हतं हो. एवढं मोठं धूड जवळजवळ हवेत थांबतं, नाक वर, आणि मग जागच्या जागी फिरतं, पंखांवरून हवा जातच नाहीये आणि तरी ते पडत नाही. थ्रस्ट व्हेक्टरिंग म्हणजे इंजिनाचं तोंडच वळतं हे वाचून माहीत होतं पण बघितल्यावर छाती दडपते. त्याचा पायलट सर्गेई बोगदान, हा त्या विमानाच्या पहिल्या उड्डाणापासूनचा टेस्ट पायलट आहे, २०१० ला ते पहिल्यांदा उडालं तेव्हाही तोच होता. आणि एफ-३५ च्या एका इंजिनाचा आवाज... आवाज नाहीच तो, बरगड्यांत जाणवतं. हे बघायला लोक येणारच.

उडता_पाचोळा

@पिंपळपान, येऊ देत की, मी पण बघतोच. फक्त सोलो डिस्प्लेत विमान काय करू शकतं ते दिसतं आणि फॉर्मेशनमध्ये माणसं काय करू शकतात ते दिसतं. आणि थ्रस्ट व्हेक्टरिंगचंच बघायचं असेल तर आपल्या सुखोई-३० एमकेआयला पण ते आहे, वर पुढे कॅनार्ड्स म्हणजे छोटे जादाचे पंख, टेल स्लाइड बघा त्याची. उभं वर चढतं, वेग शून्य होतो, आणि शेपटीकडून खाली घसरायला लागतं. वीस वर्षांहून जास्त झाली ते विमान आपल्याकडे येऊन आणि अजूनही नजर हटत नाही.

ओझरकर

आणि ते एमकेआय आमच्या ओझरला बनतं हे लिहायचं राहिलं 🙂 एचएएलची नाशिक डिव्हिजन, आधी मिग-२१ आणि मिग-२७ बनायची, मग सुखोई. आता तेजस मार्क-१ए ची लाइन पण सुरू झाली, इथून पहिलं तेजस उडालं १७ ऑक्टोबर २०२५ ला. आमच्याकडे लहानपणापासून कानाला सवय, टेस्ट फ्लाइट असली की शाळेत बाई शिकवणं थांबवायच्या, आवाज गेला की परत सुरू.

अजून एक सांगतो, सूर्यकिरण हल्ली केशरी-पांढरा-हिरवा असा रंगीत धूर सोडते ना, त्याची सिस्टिम हवाई दलाच्या इथल्या बेस रिपेअर डेपोत तयार झालीये. साधा पांढरा धूर म्हणजे काही जळतंय असं लोकांना वाटतं, तसं नाही. गरम एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेर थंड हवेत बारीक थेंब होऊन पांढरी रेघ दिसते. पायलट बटण दाबून चालू-बंद करतो. ते चालू-बंद पण लीडरच्या आवाजावर. नऊ रेघा एकाच क्षणी तुटल्या तर समजायचं टीम रंगात आहे.

कट्टा_मरीन

मुंबईकरांनी २०२४ च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हला बघितलं असेल, १२ ते १४ तारखेला रोज दुपारी होता. सूर्यकिरण, सारंगची हेलिकॉप्टर्स, सुखोई, मालवाहू सी-१३०, आकाशगंगाचे पॅराशूटवाले, सगळे. आणि फुकट!! ना पास ना रांग. मी नरिमन पॉइंटच्या बाजूला कठड्यावर होतो, शेजारी एक आजोबा, ते सकाळी लवकरच येऊन बसलेले, डबा घेऊन. सुखोई समुद्रावरून खालून आलं आणि आवाज मागाहून आला, सगळी क्वीन्स नेकलेस एकदम "ओ ओ" करून ओरडली. आकाशगंगाचा जवान झेंडा घेऊन खाली यायला लागला तेव्हा आजोबा उठून उभे राहिले, हात थरथरत होते पण सलाम केला. मी काही बोललो नाही, मी पण उभा राहिलो.

एक मात्र खरं, मुंबईत जानेवारीत हवा धुरकट असते, लांबचं फॉर्मेशन नीट दिसत नाही. येलहंकाला फेब्रुवारीत आकाश कसं असतं?

बंगळुरी_मऱ्हाटा

कोरडं, निळं, एकदम साफ. आम्ही येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो म्हणजे आमच्याकडे शोच्या आधीचे आठ-दहा दिवसच खरा शो, प्रॅक्टिस चालू असते ना. गच्चीवर शेजारपाजारचे सगळे, कन्नड, तेलुगू, आम्ही. खिडक्यांची तावदानं थरथरतात, कुत्री पलंगाखाली.

शहराबाहेरच्यांना माहीत नसलेली एक गोष्ट. शोच्या काळात तळाच्या आसपास मांस-मच्छीची दुकानं बंद ठेवतात, नॉनव्हेज विकायला बंदी, २०२५ ला १३ किलोमीटरच्या परिघात होती. धार्मिक वगैरे काही नाही त्यात. मांसाचे तुकडे उघड्यावर पडले की घारी जमतात आणि घार इंजिनात गेली की खेळ खलास. सूर्यकिरणच्या उंचीवर घार अगदी आरामात असते. आमचा कोपऱ्यावरचा बिर्याणीवाला पण दर दोन वर्षांनी तेवढे दिवस गावी जाऊन येतो.

ट्रॅफिकचं सांगून ठेवतो, बल्लारी रोड हाच एअरपोर्टचा पण रस्ता आहे. त्या दिवसांत विमान पकडायचं असेल तर खूप आधी निघा, आणि डिस्प्लेच्या वेळी केम्पेगौडावरची उड्डाणं पण मध्येमध्ये थांबवतात, त्यामुळे एअरलाइनचे मेसेज बघत राहा.

सांजवेळ

धागा छान चाललाय. मला मात्र गर्दीबद्दल बोलायचंय, कारण दोन मुलांना घेऊन जायचा विचार आहे आणि चेन्नईचं डोक्यातून जात नाही. ६ ऑक्टोबर २०२४, मरीना बीच, हवाई दल दिनाचा शो, लाखो माणसं, भर दुपारचं ऊन, आणि पाच जण गेले. शो उत्तम झाला, विमानांनी काही चूक केली नाही. सावली नाही, पाणी नाही, परत निघताना सगळे एकाच वेळी स्टेशनकडे. हे टाळता येण्यासारखं होतं म्हणून जास्त लागतं. असे शो व्हायलाच हवेत, मुलांनी बघायलाच हवेत, पण ज्यांच्यासाठी शो आहे त्यांच्या डोक्यावर मांडव आणि हातात पाणी, एवढं आधी ठरलं पाहिजे, विमानं कुठली येणार ते नंतर.

येलहंकाला काय परिस्थिती असते कुणी सांगेल का?

बंगळुरी_मऱ्हाटा

सांजवेळताई, तिथे तिकीट असतं त्यामुळे गर्दी मोजकी. शेवटचे दोन दिवस सामान्य लोकांसाठी असतात, आधीचे बिझनेस डे. नुसतं उडणं बघायचं असेल तर एडीव्हीए म्हणून वेगळं तिकीट मिळतं, तिथून प्रदर्शनाचे हॉल बघता येत नाहीत पण धावपट्टीसमोर असता. सावली कमीच, टोप्या मोठ्या काठाच्या घ्या. गाडी शक्यतो नेऊच नका, बसने जा. २०१९ ला पार्किंगमधल्या वाळक्या गवताला आग लागून ३०० च्या आसपास गाड्या जळाल्या होत्या, ते काळे सांगाडे मी रस्त्यावरून बघितलेत. त्यानंतर सुधारणा झाल्यात पण उन्हात वाळलेलं गवत ते वाळलेलं गवतच.

नदीकाठ

विषय निघालाच आहे तर मनातलं लिहितो, कुणाला दुखवायचं नाही. हे शो करावेतच का? त्याच २०१९ च्या एरो इंडियाच्या आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २००९ ला बीदरजवळ विंग कमांडर धालीवाल. २००७ ला येलहंकालाच सारंगचं हेलिकॉप्टर सरावात पडलं, स्क्वाड्रन लीडर प्रिये शर्मा गेले. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५, दुबईला तेजस, विंग कमांडर नमांश स्याल. व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही. युद्धात जीव जाणं समजू शकतो, पण टाळ्यांसाठी? एवढे तयार झालेले पायलट आपण लोकांच्या करमणुकीसाठी पणाला लावतो असं मला वाटतं. दुबईत त्यानंतरही शो चालूच राहिला, अमेरिकेच्या एफ-१६ टीमने मात्र आपला शेवटचा डिस्प्ले केला नाही. मला ते जास्त पटलं.

पिंपळपान

नदीकाठ, +१ नाही म्हणवत पण तुमचं म्हणणं पोचलं. दुबईच्या बातमीने आमच्या घरी कुणी जेवलं नव्हतं त्या रात्री.

उडता_पाचोळा

@नदीकाठ, तुम्ही नावं घेऊन लिहिलंत हे बरं केलंत, नाहीतर हे लोक "एक पायलट" होऊन जातात. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासूनचं आहे. सूर्यकिरणमध्ये येणारा पायलट फायटरवरचा अनुभवी असतो, इन्स्ट्रक्टर असतो, स्वतःहून येतो आणि काही वर्षांनी परत आपल्या कामावर जातो. फॉर्मेशन हे फायटर पायलटचं रोजचंच काम आहे, टीममध्ये ते टोकाला नेलेलं असतं इतकंच. नवीन माणूस आला की थेट नऊच्या डायमंडमध्ये नाही घालत, आधी दोन विमानं, मग तीन, उंचावर, मग हळूहळू खाली. करमणूक म्हणून ते उडत नाहीत.

धोका कमी करायचे नियम जगात रक्त सांडूनच आलेत. १९८८ ला जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या टीमची विमानं प्रेक्षकांच्या दिशेने येणाऱ्या फिगरमध्ये आदळली, ७० माणसं गेली. २००२ ला युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ सुखोई-२७ गर्दीत पडलं, ७७ गेली. आज डिस्प्लेची रेषा लोकांपासून लांब असते आणि विमान गर्दीच्या दिशेने येत नाही. ढगांप्रमाणे कार्यक्रम बदलतो, आकाश मोकळं असेल तर लूप असलेला हाय शो, ढग खाली असतील तर नुसती वळणं. म्हणूनच "आज लूप का नाही केला, पैसे वाया" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लीडरने नाही म्हणायला जी हिंमत लागते ती पण त्याच कौशल्याचा भाग आहे.

दुबईचा शो थांबवायला हवा होता की नाही यावर मात्र तुमच्याशी सहमत. त्या दिवशी थांबायला हवं होतं.

रोटरवाला

सारंगचं नाव आलं म्हणून हजर झालो. २०२५ ला ज्यांनी विचारलं की लाल हेलिकॉप्टर्स कुठे गेली, त्यांच्यासाठी: ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं (सारंगची पण ध्रुवच), तिघे गेले, आणि सगळी ध्रुव जमिनीवर आणली. स्वॉशप्लेट नावाचा भाग असतो, पायलटचा हात रोटरच्या पात्यांपर्यंत पोचवणारा, तिथे तडा सापडला. टीम तयार असूनही उडाली नाही, आणि बरोबर केलं.

मला स्वतःला सूर्यकिरणपेक्षा सारंग जास्त आवडते, पाचोळा रागावू नका. हेलिकॉप्टर हे मुळात एकमेकांजवळ उडवायचं यंत्रच नाही. प्रत्येकाचा रोटर खाली हवा ढकलतोय, ती शेजारच्याला हलवते. ध्रुवचा रोटर हिंजलेस आहे, पाती हबला घट्ट, त्यामुळे हात हलवला की हेलिकॉप्टर लगेच वळतं, म्हणून त्या यंत्रावर हे जमतं. चार-पाच हेलिकॉप्टर्स समोरासमोरून येऊन एकमेकांतून आरपार जातात ना, क्रॉसओव्हर, तेव्हा पोटावर रंगवलेली मोराची पिसं दिसतात एक क्षणभर. टीम २००३ ची, पहिला जाहीर शो २००४ ला सिंगापूरला, म्हणजे पदार्पणच परदेशात. राहतात तमिळनाडूत सुलूरला. आणि वेग कमी असल्यामुळे लहान मुलांना हीच टीम जास्त कळते. जेट येतं आणि जातं, मूल विचारतं कुठे गेलं. सारंग समोरच असते.

ओझरकर

रोटरवाला, पिसांचं एकदम बरोबर. आणि जुन्या विमानांबद्दल कुणीच लिहिलं नाही! हवाई दलाच्या विंटेज फ्लाइटमधला डाकोटा, परशुराम नाव त्याचं, शेपटीवर व्हीपी ९०५. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला पहिले सैनिक घेऊन उतरले ते डाकोटाच. आता सगळं पब्लिक एफ-३५ कडे धावत असताना हा हळू गुरगुरत येतो, दोन पिस्टन इंजिनं, पंखांवर ऊन. मला तर यालाच आधी सलाम करावासा वाटतो.

कट्टा_मरीन

परदेशी टीम्स हल्ली कमी झाल्यात का? २०१५ ला चेक फ्लाइंग बुल्स होते, छोटी प्रोपेलरची विमानं. त्यांच्या दोन विमानांचे पंख हवेत एकमेकांना घासले आणि तरी दोघे सुखरूप उतरले, मी नेटवर बघितलं होतं. आणि स्कॅन्डिनेव्हियाच्या स्कायकॅट्स, बायप्लेनच्या वरच्या पंखावर उभ्या राहून हात हलवणाऱ्या मुली. बायको म्हणाली होती हे मला करायचंय.

फोकल_लेंथ

उशिरा आलो. पाचोळा, तुम्ही सिंक्रो जोडीबद्दल लिहिलं नाहीत. सूर्यकिरणची दोन विमानं मुख्य गटातून सुटून समोरासमोर येतात आणि अगदी आदळली असं वाटत असताना निघून जातात. दोघांच्या मध्ये खरंतर पुरेशी जागा असते, जमिनीवरची एक रेघ (धावपट्टीच धरतात बहुतेक वेळा) दोघांनी आपापल्या बाजूला ठेवायची, आणि दोघांपैकी एकाने सरळ येत राहायचं, दुसऱ्याने अंदाज घेऊन क्रॉसिंग बरोबर प्रेक्षकांच्या मध्यासमोर आणायचं. एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या पुढे, त्यात हे साधायचं. म्हणून जागा घेताना मधोमध घ्या. कडेला बसलात तर क्रॉसिंग तिरकं दिसतं, एक विमान आधी, एक नंतर, आणि काळजात धस्स व्हायचं ते होत नाही.

सांजवेळ

मधोमध लक्षात ठेवते. मोठा मुलगा नववीत आहे, त्याला एनडीएला जायचंय असं गेल्या वर्षापासून म्हणतोय, त्याच्यासाठीच चाललंय हे. त्याला बाबांचा कॅमेरा न्यायचाय, काही टिप्स द्याल का? आणि धाकटी सहा वर्षांची, तिच्या कानांचं काय करू?

रोटरवाला

कानांसाठी मुलांचे इअरमफ मिळतात, हेडफोनसारखे दिसणारे, ते घ्या. कापूस उपयोगाचा नाही. आदल्या दिवशी घरी घालून बघा, नाहीतर ऐन वेळी काढून टाकते. मुलाला शुभेच्छा!

उडता_पाचोळा

मुलाला सांगा की स्टॅटिक डिस्प्लेला विमानांजवळ टेक्निशियन उभे असतात, त्यांच्याशी बोल. पायलटभोवती गर्दी असते, यांना कुणी विचारत नाही. ते सगळं सांगतात, टायर किती लँडिंगला बदलतात इथपासून. हे सगळं ज्यांच्या हातावर उडतं ती माणसं ती.

फोकल_लेंथ

सांजवेळताई, कॅमेऱ्याचं: जेटला शटर १/१००० किंवा त्याहून जलद. पण हेलिकॉप्टर आणि डाकोटाला तेच ठेवलं तर पाती गोठलेली येतात, विमान बंद पडल्यासारखं दिसतं, तिथे १/२०० च्या आसपास आणा आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहा. हात हलणार, बरेच फोटो वाया जाणार, चालतं. फोकस कंटिन्युअसवर. बॅटरी एक जास्तीची. आणि सूर्यकिरणचे नऊच्या नऊ बसवायचे असतील तर लांबची लेन्स काढून ठेवायला सांगा, ७०-२०० मध्येसुद्धा जवळ आल्यावर सगळे मावत नाहीत, मोबाईलच बरा. बॉम्बबर्स्टला तर मोबाईल आडवा धरून व्हिडिओच घ्या, सगळे वेगवेगळ्या दिशांना जातात, कुणाला पकडू कळत नाही.